आपल्याच गावात पाहुणे

आमच्या आईचा एक नियम आहे. एखादी गोष्ट तिला खरोखर हवी असली, की ती मागत नाही. नुसती आठवण काढते. गेल्या वर्षी गणपती उठले आणि तिने कारिटाची आठवण काढायला सुरुवात केली. कारीट म्हणजे काकडीच्या जातीचे, अंड्याएवढे, विषासारखे कडू रानफळ. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे ते डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचे, ‘गोविंदा’ म्हणून ओरडायचे आणि त्याचा कण जिभेला लावायचा, म्हणजे नरकासुर मेला असे आम्ही कोकणातली माणसे मानतो. डोंबिवलीच्या बाजारात हल्ली कारिटेही मिळतात. वाटा करून विकतात. पण आईचे म्हणणे, विकत घेतलेला नरकासुर मारण्यात पुरुषार्थ तो काय?

तिचे वय ७८. गावी जाऊन तिला सात वर्षे झाली होती. मी काय ते समजलो आणि म्हणालो, “या दिवाळीला गावी जाऊ या.”

सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच विचारले, “राहणार कुठे?”

वाचकहो, प्रश्न अगदी रास्त होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कर्ली नदीच्या काठी, माडांच्या गर्दीत आमचे घर आहे. म्हणजे होते आणि आहे यांच्या मध्ये कुठेतरी आहे. कौलारू, जांभ्या दगडाचे, पुढे खळे, मग पडवी, माजघर. वडिलांच्या मागे कुलपाची किल्ली आमच्याकडे आली, पण सातबाऱ्यावर नावे अकरा. कोकणातले कौलारू घर हे लहान मुलासारखे असते. दर पावसाळ्याच्या आधी त्याचे कौल परतावे लागते, नाहीतर ते रडायला लागते. अकरा मालकांपैकी प्रत्येकाला वाटले, की उरलेले दहा जण बघतील. तीन पावसाळ्यांपूर्वी मागची पडवी बसली. त्या घरात म्हातारी आई, नऊ वर्षांची कन्या आणि पंधरा वर्षांचे चिरंजीव यांना घेऊन जायचे म्हणजे साहस होते.

त्यात चुलतभावाचा फोन आला. एक गिऱ्हाईक आले आहे, भाव बरा आहे, नदीकाठची जागा म्हणून हॉटेलवाल्यांना हवी आहे, तू येतोस तर काकीची संमतीही घेऊन टाकू. मी “बघू” म्हणालो. घरात कुणाला बोललो नाही.

शेवटी तोड निघाली ती चिरंजीवांकडून. त्यांनी फोनवर चित्रे दाखवली. मालवण आणि वेंगुर्ले यांच्या मधल्या डोंगरउतारावर, आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर म्हणावे असे एक बडे हॉटेल. झाडीत विखुरलेल्या कौलारू झोपड्या, प्रत्येक झोपडीत वातानुकूलन, पुढे पोहण्याचा हौद, खाली समुद्र. ‘कुटुंबासाठी खास सोय’ असेही लिहिले होते. भाडे एका खोलीचे रात्रीला १४ हजार रुपये. खोल्या दोन, रात्री तीन. चिरंजीवांनी हिशेब करून ८४ हजारांचा आकडा सांगितला तेव्हा मला दरदरून घाम फुटला. पण सौ. म्हणाली, “आपण लग्नानंतर कुठे गेलो नाही, मुलांना घेऊन कुठे गेलो नाही. एकदा जाऊ. आईंनाही बरे पडेल, चढउतार नाही, न्हाणीघर खोलीतच.”

आईला सांगताना मी एक शून्य खाल्ले. चौदाशे म्हणालो.

“चौदाशे! एका रातीचे?” आईने डोळे विस्फारले. “आणि आपला घर काय पाण्यात बुडाला? आपल्याच गावात पैशे देवन निजाचा? लोक काय म्हणतले?”

पण कारिटाची ओढ मोठी होती. ती तयार झाली.

कोकणकन्या गाडीने रात्री निघालो आणि सकाळी कुडाळला उतरलो. हल्लीच्या मुलांना ही गाडी जन्मापासून ठाऊक. पण कोकण रेल्वेवरून मुंबई ते गोवा गाडी धावू लागली ती १९९८ साली. त्याआधी होती एस. टी. आणि तिच्याही आधी आगबोट. आई १९६७ साली लग्न होऊन मुंबईला आली ती बोटीने. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. लांब समुद्रात उभी राही आणि पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत जावे लागे. पावसाळ्यात तीही बंद. आईने हे सारे गाडीत नातवंडांना सांगितले. आता चिपीला विमानतळ झाला आहे, तो ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तोही आमच्या गावापासून दूर नाही. एका बाईच्या आयुष्यात पडावापासून विमानापर्यंत सारी वाहने तिच्या दारात आली. मात्र ज्या दारात आली त्याला कुलूप!

हॉटेलाचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. जाहिरात होऊ नये हा एक हेतू, आणि पुढे जे घडले ते हॉटेलापेक्षा आमच्या घरचे आहे, हा दुसरा. पण जे चांगले ते चांगलेच म्हटले पाहिजे. फाटकातून आत शिरलो आणि सौ. नकळत “अगबाई!” म्हणाली. जांभ्याच्या भिंती, गिलावा न केलेल्या. मंगलोरी कौले. लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन. आंगणात तुळशीवृंदावन, त्याला ताजा गेरू. वाटेच्या दोन्ही बाजूंना सुरंगी, बकुळ, नागचाफा. म्हातारी माणसे चालतील म्हणून पायऱ्यांशेजारी उतार बांधलेला. आमच्या कन्येला तिच्या उंचीची छोटी खाट मिळाली, आणि हौदापाशी पोरांवर नजर ठेवायला एक पट्टीचा पोहणारा उभा होता. कन्या त्या हौदात पडली ती जेवायलाच बाहेर आली.

आई मात्र बागेत थांबली होती. तिथे एका दगडी पाट्यावर वरवंटा ठेवून त्याच्या भोवती जास्वंदीची फुले मांडली होती. शेजारी जात्याच्या तळीवर काच बसवून चहाचे मेज केले होते.

“ह्यो पाटो हय कित्याक मांडलो हा?” आईने विचारले.

“शोभेसाठी, आजी,” असे म्हणत एक मुलगी कोकमाच्या सरबताचे पेले घेऊन पुढे आली. वय विशी-बाविशीचे. अंगावर हॉटेलाची मातकट साडी, छातीवर नावाची पट्टी, बोलणे अगदी पुस्तकी.

“शोभेक!” आई म्हणाली. “पाट्यार वाटप वाटून वाटून माझे हात गेले, आणि ह्यांका तो शोभेक व्हयो!” मग तिने मुलीकडे निरखून पाहिले. “कोणाचा गो तू?”

“मी इथलीच, आजी.”

“इथलीच म्हणजे? वाडी खयची? आज्याचा नाव काय?”

मुलीने एकदा मागे वळून पाहिले. व्यवस्थापक लांब होते. तिने हळूच आजोबांचे नाव सांगितले, आणि आईच्या हातातला पेला हिंदकळला. आमच्या माडांवर चढून नारळ पाडणारा जो गडी, ज्याच्या खांद्यावर बसून मी लहानपणी जत्रा पाहिली, त्याची ही नात.

“मगे आधी सांगूक काय झाला?”

“पाव्हण्यांशी मालवणीत बोलूचा नसता, आजी,” ती मालवणीत म्हणाली.

“मी पाव्हणी?” आई म्हणाली. पण लगेच तिच्याच लक्षात आले, की आपण खरोखरच पाव्हणी आहोत. ती गप्प झाली आणि सरबत प्यायली.

जेवणाबद्दल लिहिले नाही तर आमच्या सौ.च्या मैत्रिणी मला क्षमा करणार नाहीत. सकाळी न्याहारीला घावने आणि खोबऱ्याची चटणी, शिवाय पाव, लोणी, अंडी, फळे आणि आणखी वीस पदार्थ. दुपारी मालवणी थाळी. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे योग्य वेळी पडली होती, हे आईनेही कबूल केले. कोंबडीबरोबरचे वडे फुगलेले. उकड्या तांदळाची पेज मात्र चिनी मातीच्या लहानशा वाडग्यात, वर तुपाचा थेंब घालून, ‘खास पदार्थ’ म्हणून आली. आईला हसू आवरेना. “ही पेज पिवन आमी वाढलव, तेव्हा लोक गरीब म्हणायचे.” सोलकढीविषयी तिचा निकाल एवढाच, की नारळ हाताने किसलेला नाही. चिरंजीवांना एरवी मासे वर्ज्य, पण तिथे त्यांनी कुळथाच्या पिठीबरोबर तळलेला बांगडा मिटक्या मारीत खाल्ला आणि विचारले, “हे आपण घरी का करत नाही?” सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी समुद्राकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीला गेलो. मोतीतलावाच्या काठी भोसले राजघराण्याचा वाडा आहे. वाड्याच्या दरबार दालनात कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. ही कला मरणपंथाला लागली होती. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात उरल्यासुरल्या कारागिरांना हाताशी धरून ती जगवली. दशावतारी गंजिफांत दहा रंग, प्रत्येक अवताराचा एक. रंगाला १२ पाने, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण पाने १२०. चिरंजीवांनी हा हिशेब ऐकला आणि फोन खिशात घातला, एवढे एकच वाक्य मी त्या कलेच्या स्तुतीसाठी लिहितो. वाड्याच्या आवारातही आता पाहुण्यांसाठी मोजक्या खोल्या केल्या आहेत, आणि त्यांच्या सजावटीत गंजिफा आहेत. जुने वास्तूवैभव जगवायचे तर पाहुण्यांच्या पैशाची जोड लागते, हे राजवाड्यालाही चुकलेले नाही. मग चितार आळीतून कन्येसाठी लाकडी फळांची करंडी घेतली. पांगाऱ्याचे लाकूड हलके असते. म्हणून ती खेळणी मुलाच्या हातून पायावर पडली तरी कुणी रडत नाही.

तिसऱ्या दिवशी मालवण. बंदरावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केली आणि १६६७ साली तो पुरा झाला. पायाचे दगड शिसे ओतून बसवलेले आहेत. होडी अगदी तटाखाली येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. कन्या सारखी “दार कुठे, दार कुठे” विचारीत होती आणि दिसला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. आत शिवराजेश्वराचे देऊळ आहे. तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. काही कुटुंबे अजून किल्ल्यात राहतात. आई बंदरावरच थांबली होती. आम्ही परत आलो तेव्हा ती खाज्याच्या पुड्या बांधून घेत होती. येताना धामापूरचा तलाव पाहिला. १५३० साली बांधलेला हा तलाव अजून शेताला पाणी देतो, आणि सिंचनाच्या जागतिक संघटनेने २०२० साली त्याला वारशाचा मान दिला. बांधणारे गेले, राज्ये गेली, पाणी आहे.

वाटेत जागोजाग पाट्या दिसत होत्या : ‘येवा, कोकण आपलोच आसा’. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आता तारकर्लीला सरकारी निवासस्थान आहे, देवबागच्या संगमापर्यंत घराघरांवर ‘खोल्या मिळतील’ अशी अक्षरे आहेत. महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नाव नोंदवून पुष्कळ घरांनी आपल्याच दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या आहेत. पाहुण्यांनी गाव भरले आहे, आणि आमच्यासारख्यांनी रिकामे केले आहे.

त्या संध्याकाळी हॉटेलाच्या अंगणात दशावताराचा अर्ध्या तासाचा खेळ झाला. संकासुर नाचला, मुले घाबरली आणि खुश झाली. खेळ संपतो न संपतो तोच चुलतभाऊ आला. बरोबर एक गृहस्थ, हातात कागदांची पिशवी. आम्ही हौदाकाठच्या दिव्याखाली बसलो. गृहस्थ फार अदबीने बोलत होते. जागा मोक्याची आहे, घराची किंमत शून्यच धरावी लागेल, पण जांभ्याचे चिरे आणि जुने वासे हॉटेलवाले उचलतील. असल्या जुन्या सामानाला हल्ली मागणी आहे.

“पाटो-वरवंटो पण घेतीत?” मागून आवाज आला. आई केव्हा येऊन उभी राहिली ते कळलेच नव्हते.

“हो आजी, तेही घेतील,” गृहस्थ उत्साहाने म्हणाले.

आई काही बोलली नाही. खोलीकडे वळली. मी मागोमाग गेलो तर ती खाटेवर बसून खिडकीतून समुद्राकडे पाहत होती. मला वाटले, रागावेल, रडेल. ती एवढेच म्हणाली, “उद्या पहाटे कारीट फोडूक व्हया. ह्यांच्याकडे आसा काय, विचार.”

मी विचारले. स्वागतकक्षात दोनशे पणत्या होत्या, आकाशकंदील होते, सुगंधी उटण्याच्या सुबक पुड्या होत्या. कारीट नव्हते. ते काय असते हेच तिथल्या तरुणाला ठाऊक नव्हते. तो बिचारा दिल्लीकडचा.

पहाटे साडेचारला दारावर टकटक झाली. तीच मुलगी. गणवेश नव्हता, साधे कपडे, ओंजळीत माडाच्या चुडताने विणलेली लहानशी पिशवी, आणि पिशवीत कारिटे. आदल्या संध्याकाळी काम संपल्यावर विजेरी घेऊन कुंपणाकडेच्या वेली धुंडाळून तिने ती काढली होती. “सात गावली, आजी.”

आम्ही उटणे लावून न्हालो आणि हॉटेलाच्या शोभेच्या तुळशीपुढे उभे राहिलो. आईने पदर खोचला, कारीट ठेवले, डावा पाय उचलला आणि “गोविंदा!” म्हणून अशी आरोळी दिली, की तीन झोपड्यांतले दिवे लागले. पुण्याचे एक कुटुंब डोळे चोळत आले. त्यांच्या आजोबांनीही एक कारीट मागून घेतले आणि फोडले. त्यांचे आजोळ वेंगुर्ल्याचे निघाले. आमच्या कन्येने कण जिभेला लावून जे तोंड केले त्याचे छायाचित्र अजून चिरंजीवांच्या फोनमध्ये आहे. ती शोभेची तुळस त्या पहाटे खरी झाली असे मला वाटले.

“आता पोहे खावक आमच्याकडे येवा,” मुलगी म्हणाली. “आयेन सांगलंला हा.”

आमच्याकडे दिवाळी म्हणजे पोह्यांचा सण. नव्या भाताचे पोहे कांडायचे आणि त्यांचे नाना प्रकार करून एकमेकांकडे खायला जायचे. हॉटेलात चाळीस पदार्थांची दिवाळी न्याहारी मांडलेली असताना आम्ही पाच जण पायवाटेने खाली उतरलो. मुलीच्या घरी शेणाने सारवलेल्या पडवीत पाट मांडले होते. गूळ-खोबऱ्याचे पोहे, दुधातले पोहे, तिखट पोहे, दह्यातले पोहे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. मुलीची आजी आमच्या आईच्याच वयाची. दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ नुसत्या बसल्या.

सौ.ने मुलीला विचारले, की हॉटेलातली नोकरी कशी आहे. मला वाटले होते, ती तक्रार करील. ती म्हणाली, “बरी आसा, काकी. हॉटेल नसता तर मी मुंबईक गेलंय असतंय. माझ्याबरोबरची सगळी गेली. आता रोज रात्री घराकडे येतंय.”

वाचकहो, हे वाक्य मी तीन दिवस मनात जुळवलेल्या सगळ्या विचारांना छेद देऊन गेले. ज्या हॉटेलाला मी मनातून नावे ठेवीत होतो, त्याने या पोरीला गावात ठेवले होते. गाव हॉटेलवाल्यांनी रिकामे केले नाही. ते आधीच आम्ही केले होते.

तिथून आमचे घर दोन वळणांवर. आई म्हणाली, “चला.”

खळ्यात गवत गुडघाभर. मागची पडवी बसलेली, पुढच्या छपराची कौले घसरलेली. पण माजघराचे छप्पर आणि भिंती शाबूत होत्या. जांभा असा सहज हार मानीत नाही. आणि समोर आमची तुळस. तिच्या भोवतीचे हातभर गवत कुणीतरी काढलेले, आणि कोनाड्यात एक पणती, नुकती विझलेली. वात अजून ओली होती.

मी मुलीकडे पाहिले. ती खाली पाहू लागली. “आजी लावता. दर चावदिसाक. बंद घर काळोखात रवता नये म्हणता.”

आई पायरीवर बसली. कन्या विहिरीत डोकावून आली आणि म्हणाली, “बाबा, इथे हौद नाही, पण विहीर आहे. आणि झोपाळ्याच्या कड्या आहेत!” चिरंजीव भिंतीला हात लावून पाहत होते. “हॉटेलात असल्याच भिंती आहेत,” ते म्हणाले, “पण त्या नव्या आहेत.”

मी आईजवळ बसलो आणि विक्रीचे सारे सांगून टाकले. तिने ऐकून घेतले.

“विकूचा तर विका,” ती म्हणाली. “मी नको म्हणूचंय नाय. अकरा नावा आसत, मी एकटी काय राखतलंय? पण आधी एक दिवाळी ह्या घरात करा. काळोखातला घर विकू नये.”

मग जरा थांबून म्हणाली, “आणि झिला, लोक एकाचे दहा करून सांगतत. दहाचो एक करून सांगणारो तू पयलोच बघलंय.”

खोलीत मेजावर दरपत्रक होते. कन्येने पहिल्याच दिवशी आजीला ते मोठ्याने वाचून दाखवले होते. तीन दिवस आईने सगळे ठाऊक असून ‘चौदाशे’च्या खोलीत मुकाट्याने दिवस काढले, आणि सौ. हौदाकाठी पाय सोडून बसली की तिच्याकडे पाहून हसत राहिली. “त्या पोरीक कधी असा सुख गावलाला?” एवढेच तिचे त्यावरचे भाष्य. आमच्या लग्नाला वीस वर्षे होऊन गेली, सौ. अजून तिच्या दृष्टीने पोरच आहे.

त्या रात्रीच्या गाडीने परत आलो. लक्ष्मीपूजन घरी केले. नंतर मी अकरा नावांना पत्रे लिहिली. फोन करण्यापेक्षा पत्राला माणूस उत्तर देतो असा माझा अनुभव. चौघांनी पैसे पाठवले, तिघांनी आशीर्वाद, दोघांनी काहीच नाही. चुलतभावाने, मी न मागता, गवंड्याशी बोलून अंदाज काढला : माजघर, पुढची पडवी आणि एक बरे न्हाणीघर, एवढ्याचे पावणेदोन लाख. म्हणजे हॉटेलातल्या सहाएक रात्री. ही तुलना मला एरवी कधी सुचली नसती. त्यासाठी तरी त्या हॉटेलाचे उपकार मानले पाहिजेत. आणखीही एका गोष्टीसाठी. जांभ्याची भिंत सुंदर असते, पेज हे अन्न आहे, आणि कौलावर पडणारा पाऊस ऐकायला माणसे पैसे मोजतात, हे आम्हाला आमच्या घराने शिकवले नव्हते; त्या परक्या छपराने शिकवले.

तेव्हा ज्यांचे गावी घर नाही त्यांनी अवश्य असल्या हॉटेलात जावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. खिसा लहान असेल तर निवास-न्याहारीच्या घरी उतरावे. तिथे हौद नसेल, पण ‘कोणाचा गो तू’ असे विचारणारे कुणीतरी असेल. आणि ज्यांचे गावी कुलूपबंद घर आहे, त्यांनी हॉटेलात जाण्यापूर्वी एकदा कुलूप उघडून पाहावे.

घर पुढे विकले जाईल की राहील, ते आज मला सांगता येत नाही. कागदांच्या पिशवीवाले गृहस्थ अजून फोन करतात, आणि मी अजून “बघू” म्हणतो. पण हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमचे बिछाने बांधून झालेले असतील. नवे कौल मेमध्येच चढले. वीज आली आहे. हॉटेलातल्या त्या मुलीने नरकचतुर्दशीची रजा आधीच मागून ठेवली आहे. सौ.ने आपला जुना पाटा माळ्यावरून काढून सोबत बांधला आहे. शोभेसाठी नव्हे.

कारिटे मात्र न्यायची नाहीत, अशी आईची सक्त ताकीद आहे. ती कुंपणावर आहेत.